यकृत उजवीकडे असतं

मी आयुष्यात एकदाच चोरी केली आणि तीही रद्दीची. ज्या इमारतीत बाटलीला झाकण चिकटून गेलं तर अख्खी पिशवी दारात परत येते, नेमकी त्याच इमारतीत केली. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांची रद्दी चोरली त्यांनीच मला माफ करून टाकलं आहे. पण नवरा अजून पाहुण्यांसमोर हा विषय तिखटमीठ लावून काढतो, म्हणून म्हटलं एकदा आपल्याच तोंडाने सांगून मोकळं व्हावं.

आम्ही जपानात फुनाबोरीत राहतो. चार मजल्यांची इमारत, सोळा बिऱ्हाडं, आमचं घर तीनशे तीन नंबरचं. खाली एकशे एकमध्ये एक आजी राहायच्या. ठेंगण्या, काठीसारख्या ताठ, डोक्याला रुमाल आणि हातात लांब चिमटा. सकाळी आठ वाजले की त्या सायकलस्टँडशेजारच्या कचऱ्याच्या जागेवर हजर. कावळ्यांसाठी टाकलेली निळी जाळी उचलायच्या आणि एकेक पिशवी तपासायच्या. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा. मी आणि माझ्या लेकीने त्यांचं नाव ठेवलं होतं कचरा-आजी. अर्थात मराठीत आणि दार लावून घेतल्यावर.

पहिल्या वर्षी आमची पिशवी तीनदा परत आली. दाराच्या मुठीला अडकवलेली आणि वर चिठ्ठी. पहिली चिठ्ठी नवऱ्याने फोनवर भाषांतर करून पाहिली तर निघालं, ‘बाटलीने टोपी घातली आहे.’ मला वाटलं, काय रसिक शेजार मिळालाय, कविता पाठवतात! दुसऱ्यांदा पिशवी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की टोपी म्हणजे झाकण आणि ते वेगळं टाकायचं असतं.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. पुण्यात एकोणीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय मी. वर्गीकरण हा तर आमचा धंदा. अमीबापासून माणसापर्यंत सगळ्यांना ज्याच्या त्याच्या खणात बसवणारी बाई, ती दुधाच्या खोक्यापुढे हार मानणार? मी फ्रिजवर तक्ता लावला. खोकी धुऊन, कापून, वाळवून टाकायला लागले. नवऱ्याने एकदा बॅटरी चुकीच्या डब्यात टाकली तेव्हा मी त्याला जे बोलले, ते माझ्या वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोरालाही कधी बोलले नव्हते. तिसऱ्या वर्षी एके सकाळी आजींनी माझी पिशवी चिमट्याने उचलली, उजेडात धरली, चार शेजाऱ्यांसमोर माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “कानपेकी.” म्हणजे अगदी निर्दोष. मी पुण्याला फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, “तुला एमएस्सीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हासुद्धा तू एवढी नाचली नव्हतीस गं.”

खरंच नव्हते नाचले. कारण तेव्हा मी कुणीतरी होतेच. इथे आल्यापासून मी कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई, बस्स. शाळेत मी व्हरांड्यातून नुसती चालले तरी वर्ग गप्प व्हायचे. इथे दुकानात लिंबू मागायचं तरी आधी मनात वाक्य जुळवा. त्यामुळे यंदा जानेवारीत आजींनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की एप्रिलमध्ये त्या उरायासुला मुलीकडे कायमच्या राहायला जाणार आहेत, आणि मार्चअखेरच्या रविवारी इमारतीची बैठक असते तिथे कचऱ्याच्या कामासाठी त्या माझं नाव सुचवणार आहेत, चालेल का, तेव्हा माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तुम्ही हसाल. हसा. पण चिमटा हातात घेऊन अख्ख्या इमारतीचा कचरा तपासायचा, कुणाचं चुकलं तर समजावून सांगायचं! मला परत वर्ग मिळत होता.

आणि नेमकी याच मुहूर्तावर मला अवदसा आठवली.

त्याआधी रद्दीचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे रद्दी म्हणजे कचरा नव्हे. माझे बाबा महिन्याच्या महिन्याला पेपरांचा गठ्ठा घेऊन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे जायचे आणि दिली त्याहून जास्त रद्दी घेऊन परत यायचे. आई दारातच कपाळाला हात लावायची, “अहो, घालायला गेला होतात की आणायला?” जुने दिवाळी अंक, कव्हर नसलेल्या रहस्यकथा. त्या रहस्यकथांचं शेवटचं पान हमखास फाटलेलं असायचं. खून कुणी केला हे न कळताच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे गोष्ट अर्धवट राहिली की मला अन्न गोड लागत नाही, हा माझा जुना रोग आहे.

तर फेब्रुवारीतला एक गुरुवार. गुरुवारी कागद. सगळ्यांना कामाला नि शाळेला पाठवून साडेसातला मी खोक्यांचा गठ्ठा घेऊन खाली गेले, तर तिथे दोरीने बांधलेली तीन जाडजूड कॉमिक पुस्तकं. नवीकोरी वाटावीत अशी जपलेली. वरच्या मुखपृष्ठावर एक एकडोळ्या माणूस सुरीला धार लावत बसलेला आणि त्याच्या मागे एक गलेलठ्ठ आचारी भाताचा गोळा खात उभा. शेजारीच भिंतीवर पाटी, ‘इथून कागद नेऊ नयेत.’ आणि अक्षरं वाचता येत नसतील त्यांच्यासाठी हाताचं चित्र, त्यावर लाल फुली. वाचता आलं नाही म्हणायची सोयच नव्हती. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पदर असता तर पदराखाली घातली असती, कोट होता म्हणून कोटाखाली घातली, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळाले.

मनाला समजावलं, की जपानी सुधारेल. कठीण अक्षरांशेजारी बारीक सोपी अक्षरं छापलेली होती, त्यामुळे वाचता येत होतं. आठव्या पानापर्यंत भाषा सुधारली. आठव्या पानावर त्या एकडोळ्याने एका सावकाराचं पोट असं काही उघडलं, की मी “शी!” असं मोठ्यांदा ओरडून पुस्तक मिटलं आणि चहा टाकला. चहा उकळेपर्यंत विचार केला, की हे असलं छापतं कोण, वाचतं कोण आणि घरात ठेवतं कोण. चहा गाळला आणि नववं पान उघडलं.

गोष्ट अशी होती. हा एकडोळ्या गावोगाव फिरून सुऱ्यांना धार लावतो. सुरी हातात घेतली की तिने आजवर काय काय कापलं ते त्याला कळतं. मुळा, मासा, कोंबडी. आणि कधी माणूस कापला असेल तर तेही. मग तो तिला सुरेख धार लावतो, मालकाकडे जातो, आणि पुढची चार पानं रक्ताने भरतात. बरोबर तो आचारी. त्याला खाणावळीतून हाकललेलं आहे. भित्रा, बडबड्या आणि सदा भुकेला. इकडे मुडदे पडलेले असतात आणि हा तिकडे चूल पेटवून कांद्याची पात चिरत असतो. एका पानावर आतडी, दुसऱ्या पानावर शेवया! मला किळस यायची आणि पुढच्याच पानावर भूक लागायची. असला प्रकार मी जन्मात अनुभवला नव्हता.

त्या दिवशी दुपारी फ्रिजमध्ये बिटाची कोशिंबीर होती. ती मी बघूसुद्धा शकले नाही, दहीभात खाल्ला. पुण्याहून आणलेल्या माझ्या विळीवर कोबी चिरताना वाटायला लागलं, की तो माणूस माझ्या विळीला काय म्हणेल. बाई, नुसता कोबी, कोथिंबीर आणि एकदा डाव्या हाताचा अंगठा. मी घरातला कोळीही कागदावर घेऊन बाल्कनीतून बाहेर सोडते. शाळेत बेडकाच्या प्रॅक्टिकलच्या आधी मनातल्या मनात बेडकाची माफी मागायचे. आणि तीच मी सकाळी दहाच्या स्वच्छ उन्हात, चकली खात, माणसं कापलेली बघत होते आणि म्हणत होते, “अजून एक राहिलाय रे, दाराच्या मागे!”

हे का आवडतंय याचा मी पुष्कळ विचार केला आणि जे सापडलं ते लाज सोडून सांगते. या देशात मी दिवसाला चाळीस वेळा ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, म्हणते. माझा धक्का लागला तरी मीच म्हणते, दुसऱ्याचा लागला तरी मीच म्हणते. तीन वर्षांत मी कुणावर आवाज चढवलेला नाही, घरचे सोडून. मुळात मी रागीट आहे हो. माझ्या वाट्याचा सगळा राग तो एकडोळ्या काढत होता आणि मला नुसती पानं उलटायची होती. तिन्ही पुस्तकं संपल्यावर मला जे हलकं वाटलं, तसं योगासनांच्या क्लासनेही कधी वाटलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मला सहन झाली नाही. चित्रकाराला शरीरशास्त्र येत नव्हतं. सावकाराचं यकृत त्याने डावीकडे काढलं होतं. ही चूक आठवीची पोरं करतात. आपल्यासमोर माणूस उभा असला की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे एकोणीस वर्षं घसा फोडून सांगितलंय मी. हात शिवशिवायला लागले. पेन्सिल घेतली, बाण काढला आणि समासात लिहिलं, ‘यकृत उजवीकडे.’ मग काय, सवय लागली. ‘मानेतून एवढं रक्त छतापर्यंत जाणार नाही.’ ‘बरगड्या मोजा. बारा हव्यात.’ एका फार सुंदर काढलेल्या हृदयाला मी ‘छान’ असा शेराही दिला.

माझ्या आधीही कुणीतरी पेन्सिल चालवली होती. जागोजागी बारीक फुल्या होत्या आणि त्या नेमक्या सुरी धरलेल्या हाताशेजारी. खून मोजतोय की काय मेला, असं वाटून अंगावर काटा आला. माझा संशय दुसऱ्या मजल्यावरच्या केशरी केसांच्या माणसावर होता. कानात चार बाळ्या, पायात जाड बूट. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये असला की मी जिन्याने जायला लागले.

वाचलेली पुस्तकं घरात ठेवायची तर पुरावा. म्हणून पुढच्या गुरुवारी मी ती तिन्ही पुन्हा दोरीने बांधली, आमच्या पद्धतीची पक्की निरगाठ मारली आणि जिथून उचलली तिथे गुपचूप ठेवायला गेले. तर काय, तिथे चार ते सहा क्रमांक बांधून ठेवलेले! जुनी ठेवली, नवी उचलली. त्याच्या पुढच्या गुरुवारी सात ते नऊ. लायब्ररीच झाली की ही. आठ वाजेपर्यंत आजी यायच्या नाहीत, त्यामुळे साडेसातची वेळ माझी ठरून गेली.

नवऱ्याला कळलं ते चौथ्या आठवड्यात, सोफ्याच्या उशीखाली त्याला अकरावा भाग टोचला तेव्हा. आधी त्याने चार पानं चाळली, मग माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्यापासून एक फूट लांब सरकला. मग म्हणाला, “अगं, ते पाटीवर लिहिलंय ना नेऊ नये म्हणून? तुला कचरा-प्रमुख करताहेत आणि तूच कचरा पळवतेस? कुंपणच शेत खातंय म्हणायचं!”

“रद्दी आहे ती,” मी म्हटलं.

“रद्दी पुण्यात. इथे ती महापालिकेची मालमत्ता. बैठकीत कुणी उभं राहून बोललं तर तुझं तर जाईलच, आपल्या सगळ्या इंडियन फॅमिलींचं नाव जाईल.”

त्याचं खरं होतं म्हणून मला जास्तच राग आला. हा आठवडा शेवटचा, असं मी ठरवलं. दर आठवड्याला ठरवत होतेच.

त्याच आठवड्यात आमच्या जपानीच्या वर्गात शोभा झाली. वॉर्डाच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आम्हा परदेशी बायकांना फुकट शिकवतात. देवमाणूस. ते म्हणाले, समजा तुम्ही फोटो काढताय, तर समोरच्याला ‘तयार आहात ना?’ हे कसं विचाराल? मी पटकन हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “काकुगो वा ई का?” माझा एकडोळ्या प्रत्येक वेळी हेच विचारायचा आणि कोशात ‘काकुगो’ म्हणजे मनाची तयारी, असं मी स्वतः पाहिलं होतं. गुरुजींच्या हातातला खडू पडला. मग त्यांनी फार हळुवारपणे समजावलं, की हे मारण्याआधी विचारतात. मरायला तयार आहेस ना, असं. आणि विचारलं, “ओकुसान,” म्हणजे वहिनी, “घरी सगळं ठीक आहे ना?”

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी मी तेरा ते पंधरा परत ठेवायला गेले. पंधराव्याचा शेवट असा, की आचारी एकडोळ्याला वाचवायला मध्ये पडतो आणि सुरी त्याच्याच पोटात शिरते. कुठे शिरली ते दाखवलेलंच नाही. नुसता त्याचा चेहरा, तोंडात भाताचं शीत, आणि खाली लिहिलेलं, ‘शेवट पुढच्या भागात.’ त्या आठवडाभर मला घास गिळवला नव्हता. यकृतात शिरली असेल तर संपलंच सगळं. आता सोळावा हातात आला की सुटले, अशा धावपळीत खाली पोचले, तर ढिगात आज पुस्तकंच नव्हती. खोकी, वर्तमानपत्रं, आणि जिथे माझी पुस्तकं असायची ती जागा रिकामी.

आणि दारातल्या फलकावर आजींच्या वळणदार अक्षरात एक नोटीस. मला त्यातले चारच शब्द वाचता आले. जुना कागद. दोरी. विनंती. एकशे एक.

 पकडले गेले! लेक शाळेतून येईपर्यंतचे सात तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. भात करपला. मनातल्या मनात मी बैठकीत उभी होते आणि सोळा घरांची माणसं त्या हाताच्या चित्रावरची लाल फुली माझ्याकडे दाखवत होती. लेक आली तशी तिला दप्तरासकट फलकापुढे उभी केली.

“नान्दे?” ती म्हणाली. म्हणजे कशाला. मी म्हटलं, “वाच आधी.”

तिने वाचलं, “कागदाच्या गठ्ठ्याला इतकी घट्ट गाठ मारू नये. म्हाताऱ्या बोटांना सुटत नाही, कात्री लावावी लागते. सहज सुटेल अशी मारावी. काही विचारायचं असल्यास एकशे एक.” मग खांदे उडवले. “बस, गाठीबद्दल आहे. आई, व्हाय आर यू क्राइंग?”

सोळा घरांत ती नोटीस पंधरा घरांना नुसती गाठीबद्दल होती. माझी गाठ मला कळली. रद्दीचा गठ्ठा सोडायला कोण जातं? ज्याला तो उघडायचा आहे तोच.

धीर गोळा करायला मला दोन आठवडे लागले. शेवटी शनिवारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, मी बेसनाचे लाडू वळले आणि खाली गेले. माफीचं वाक्य पंचवीस वेळा घोकलं होतं. दार उघडल्याबरोबर कमरेत वाकले आणि एका दमात म्हणून टाकलं. वर पाहिलं तर आजी तिथे नव्हत्याच, आत चहा ठेवायला गेल्या होत्या. त्या आतून ओरडल्या, “या, या. दार लावा, थंडी येते.”

घर निम्मं खोक्यांत भरलेलं होतं. आणि रिकाम्या फडताळात एकाच रांगेत पंधरा पुस्तकं, एक ते पंधरा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आजींनी पहिला भाग काढला, सावकाराचं पान उघडलं आणि माझ्या अक्षरांवर बोट ठेवलं. बोटं खरंच वाकडी झाली होती.

“हे काय लिहिलंय?”

“लिव्हर उजवीकडे असतं,” मी पुटपुटले.

त्यांनी स्वतःचं पोट चाचपलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आणि अशा हसायला लागल्या, की चहा कपातून बशीत आला. पुस्तकं त्यांचीच होती! केशरी केसांच्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. उरायासुत अजून समुद्रात भराव घालून जमीन केली नव्हती तेव्हा आजी तिथे लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि मग फुनाबोरीत चाळीस वर्षं मासळीचं दुकान चालवलं. फुल्याही त्यांच्याच. ज्या ज्या चित्रात सुरी चुकीची धरली होती, तिथे फुली. “अशी धरली तर मासासुद्धा कापला जाणार नाही,” त्या म्हणाल्या, “माणूस काय कापणार!” मी बरगड्यांचं सांगितलं. त्यांनी मनगटाचं सांगितलं. सुरी म्हणून पेन्सिल धरून दाखवली. तासभर आम्ही दोघी त्या चित्रकाराची अशी काही तासंपट्टी करत होतो, की त्याला उचक्या लागल्या असतील.

लहान घरात जायचं म्हणून त्या दर आठवड्याला तीन भाग शेवटचं एकदा वाचून टाकून देत होत्या. दुसऱ्या गुरुवारी बघतात तर टाकलेली पुस्तकं परत आलेली, अनोळखी गाठीची. कात्रीने दोरी कापली, आत ही अक्षरं. मग त्यांना चैन पडेना. ही बाई पुढच्या भागावर काय लिहिते ते बघायचं होतं. म्हणून पाचही वेळा त्यांनी माझे गठ्ठे ढिगातून उचलून घरात नेले.

मी मान खाली घालून म्हटलं, “नियम मोडला मी. उद्या माझं नाव नका सुचवू.”

आजी गंभीर झाल्या. “ढिगातून काही न्यायचं नाही, हा नियम आहेच,” त्या म्हणाल्या. मग लाडवाचा तुकडा तोंडात टाकला. “पण पाचदा मीही नेलं. उद्या बघू.”

मनात आलं, चोराच्या वाटा चोराला ठाऊक, या कामाला याहून लायक बाई कुठे मिळणार. पण एवढं मला जपानीत येत नव्हतं. निघताना धीर करून विचारलं, “आणि सोळावा?”

“तोही उद्या.”

रविवारी अकरा माणसं आली. केशरी केसांचा माणूस सगळ्यांसाठी क्रीम भरलेले पफ घेऊन आला. तो केकच्या दुकानात कामाला आहे. आजींनी उभं राहून माझं नाव घेतलं, तीनशे तीनच्या ओकुसान. अध्यक्ष म्हणाले, कुणाचा आक्षेप? कुणाचाच नव्हता. सगळे टाळ्या वाजवायला हात उचलतच होते, आणि मी माझाच हात वर केला. नवऱ्याने शेजारून माझा कोट ओढला. पण मला चिमटा हवा होता, चोरून नको होता. उद्या कुणाची पिशवी परत करायला गेले असते तर कुठल्या तोंडाने बोलले असते? मोडक्यातोडक्या जपानीत मी सांगितलं, की मी ढिगातली पुस्तकं नेली, पाच वेळा, वाचायला.

 पफचं क्रीम केशरी माणसाच्या हनुवटीवर तसंच राहिलं.

“परत आणून ठेवली,” आजी शांतपणे म्हणाल्या. “सगळी. दिवस न चुकता, दोरीने बांधून. फक्त गाठ फार घट्ट.” मग त्यांनी चिमटा दोन्ही हातांत आडवा धरला, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता, अख्ख्या बैठकीसमोर मला विचारलं, “काकुगो वा ई का?”

अध्यक्षांनी दचकून चष्मा सावरला. माझी लेक मागून खुदकन हसली. 

“हाइ!” असा होकार मी ओरडून दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा या देशात माझा आवाज चढला. आणि मग टाळ्या वाजल्या.

चिमट्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक मिळालं, वर दोरीची सैल सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटेल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चहा टाकला, चकली घेतली, टोक ओढलं.

पहिल्याच पानावर आचारी पडलेला, सुरी पोटात, त्याच्या डाव्या बाजूला. आणि समासात पेन्सिलीचा बाण. आजींनी आधी पट्टीने शिरोरेषा आखून घेतली होती आणि माझ्या शेऱ्यावरून बघून बघून एकेक अक्षर तिला खाली टांगलं होतं, दोरीवर मासळी वाळत घालतात तसं. ‘कृ’ उलटा झाला होता, पण वाचता येत होतं. ‘यकृत उजवीकडे.’ म्हणजे घाबरू नको, तो वाचतो.

मी पुस्तक मांडीवर ठेवून ढसाढसा रडले, आणि हसले, आणि चहा गार झाला. आता डाव्या बाजूला प्लीहा असते आणि तिथे सुरी लागली तर माणूस यकृताइतकाच पटकन जातो. पण आजींना मी हे आजतागायत कळवलेलं नाही. आचारी वाचला.